एच-इंडेक्सचं सोवळं

कर्करोग-संशोधक डॉ. कमल रणदिवे यांच्या नावावर दोनशेहून अधिक शोधनिबंध आहेत, असं एका सभेत कुणी आदरानं सांगितलं आणि मंचावरच्या एका विद्वानांचं पित्त खवळलं. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं : निबंध मोजणं अडाणीपणाचं, त्यांना संदर्भ किती मिळाले ते बोला. एच-इंडेक्स काढा (प्रत्येकी निदान दहा संदर्भ मिळालेले दहा निबंध असतील तर तो दहा), जर्नलचा इम्पॅक्ट फॅक्टर, म्हणजे त्यातल्या निबंधांना मिळणाऱ्या संदर्भांची सरासरी, बघा. त्यात बसत नसेल तर त्यांचं पद्मभूषण काय न् त्यांच्यावरचं गूगलचं डूडल काय, सगळा भावनेचा बाजार. मराठी माणसाला आरती ओवाळायला कुणीतरी लागतंच, हा टोमणा वर फुकट.

अर्धा मुद्दा मान्य. नुसती मोजदाद फोल आहे. बढतीसाठी पैसे भरून छापून आणलेले निबंध आपण ढिगानं पाहिलेत. त्या जुन्या भांडणात पुन्हा शिरत नाही, शिरलो तर हा लेख तिथेच संपेल. पण एक तागडी खोटी निघाली म्हणून दुसरी आपोआप खरी ठरते, हे कुठलं तर्कशास्त्र?

आता या सोवळ्या तागडीकडे पाहू. कर्करोगावरच्या ‘सीए’ या अमेरिकन नियतकालिकाचा 2020 सालचा इम्पॅक्ट फॅक्टर 500च्या वर गेला. भल्याभल्या जर्नलांना शंभरीही गाठता येत नाही. मग तिथे रोज नवा उपचार सापडत होता की काय? छे! तिथे कर्करोगाची आकडेवारी छापली जाते. जगातला कुठलाही कर्करोग-संशोधक निबंधाची सुरुवात ‘दरवर्षी अमुक इतके नवे रुग्ण आढळतात’ अशी करतो आणि त्या वाक्याला त्या आकडेवारीचा संदर्भ जोडतो. आकडेवारी उपयोगी आहे, ती जमवणाऱ्यांचे कष्टही खरे. पण हा ‘प्रभाव’ बराचसा पहिल्या वाक्याचा प्रभाव आहे! बरेच संदर्भ असेच शिष्टाचाराचे असतात. आणि ज्याच्यावर टीका होते, त्या निबंधाच्या खात्यातही संदर्भ जमा होतोच.

आणि मोजायचं तरी कधी? पेटन राउस यांनी कोंबड्यांमधल्या कर्करोगाच्या गाठीमागचा विषाणू 1911 साली दाखवला, नोबेल मिळालं 1966 साली. एच-इंडेक्स सुचवला गेला 2005 साली, रणदिवे गेल्या 2001 साली. पुढे बोलायला नको.

रणदिवे अमेरिकेत ज्या जॉर्ज गाय यांच्या प्रयोगशाळेत शिकल्या, तिथेच 1951 साली हेन्रिएटा लॅक्स यांच्या गाठीतल्या ‘हेला’ पेशी काचेत वाढल्या. (त्यांची परवानगी न घेता, हेही सांगायलाच हवं.) त्यावर गाय यांनी 1952 साली छापला तो जेमतेम गोषवारा. पेशी मात्र मागेल त्याला फुकट वाटल्या. ते वाटप कुठल्या निर्देशांकात धरायचं, विद्वानमहाशय?

रणदिवेंनी शरीराबाहेर पेशी वाढवण्याचं हे तंत्र मुंबईत आणलं आणि भारतीय कर्करोग संशोधन केंद्रात ऊतिसंवर्धनाची प्रयोगशाळा उभी केली. ती देशातली पहिली मानली जाते. बोलायला सोपं आहे. शस्त्रक्रियेत काढलेला गाठीचा तुकडा निर्जंतुक हातांनी बारीक चिरायचा, काचेत ठेवायचा, योग्य तापमानात जपायचा, पोषकद्रव बदलत राहायचं. बुरशीचा एक कण शिरला की सगळं मोरीत. हे इथे, मुंबईच्या हवेत, जमतं असं दाखवलं म्हणून पुढच्यांना परदेशाकडे डोळे लावून बसावं लागलं नाही. उंदरांमधल्या स्तनकर्करोगात संप्रेरकं आणि विषाणू यांचा संबंध काय, हे त्या याच केंद्रात तपासत होत्या.

आणखी एक उदाहरण देतो. मुंबईच्या झोपडपट्ट्यांत 1998 पासून सुमारे दीड लाख स्त्रियांवर एक चाचणी झाली. प्रशिक्षण दिलेल्या आरोग्यसेविका गर्भाशयमुखावर सौम्य अ‍ॅसेटिक आम्ल लावून नुसत्या डोळ्यांनी तपासत. ज्या गटाची अशी तपासणी झाली, त्यात त्या कर्करोगानं होणारे मृत्यू 31 टक्क्यांनी कमी भरले. दुसऱ्या गटाला तपासणी न दिल्याबद्दल वाद झाला, तो रास्तच होता. पण हा निकाल 2014 साली छापून येईपर्यंत दीड दशक गेलं. एवढ्या वेळात आमचे निर्देशांकवाले चाळीस निबंध पाडतात.

माझं म्हणणं एवढंच : एखाद्या संशोधकामुळे इतरांना काय करता येऊ लागलं, ते विचारा. याचं मोजमाप अवघड आहे, कबूल. त्यासाठी निबंध वाचावे लागतात, प्रयोगशाळेत जाऊन विद्यार्थ्यांशी बोलावं लागतं. तेव्हा निवड समितीवर बसणाऱ्यांनो, पुढच्या बैठकीला येताना उमेदवाराचा निदान एक निबंध शेवटपर्यंत वाचून या.