पट मोजतो, पोर कोण बघतं?

मागच्या मे महिन्यात आम्ही सात-आठ जण खानापूर तालुक्यातल्या एका गावात घरोघरी फिरत होतो. काम दरवर्षीचंच. पोरांना मराठी शाळेत घाला, पट कमी झाला तर शाळा राहणार नाही, शाळा गेली तर गावातली मराठी जाईल. सगळं पाठ झालेलं. एका घरात मी हे बोलत असताना चुलीपुढच्या वहिनी मध्येच म्हणाल्या, "तुम्ही मे महिन्यात येतासा आणि पोरं न्हेतासा. जूनपास्नं कोण इचारतंय त्यास्नी?"

त्यांचा मुलगा तेव्हा दुसरी संपवून तिसरीत जाणार होता. वर्षभर रोज सकाळी तो "पोटात दुखूलालंय" म्हणून रडायचा. दवाखाना झाला, दृष्ट काढून झाली. शेवटी आजीनं जवळ घेऊन विचारल्यावर कळलं. वर्गावर नव्या अतिथी शिक्षिका आल्या होत्या, त्यांना मराठी येत नव्हतं. पोराला लघवीला जायचं होतं, पण कन्नडमध्ये कसं विचारायचं ते येईना. चड्डीतच झाली. वर्ग हसला. त्या दिवसापासून पोट दुखायला लागलं.

बाईंना दोष देऊन मोकळं होणं सोपं आहे. पण त्याही तात्पुरत्या पगारावर, पाठवलं तिथं आलेल्या. पोर रडतंय हे त्यांना दिसत होतं, ते काय म्हणतंय हे कळत नव्हतं. मराठी शाळेत मराठी न येणारा शिक्षक पाठवणाऱ्यांचा दोष आहेच, तो ठणकावून सांगायलाच पाहिजे. पण त्या गावात मोर्चाला येणारी पंधरा-वीस पोरं आहेत. वर्षभरात एकानंही शाळेत डोकावून बघितलं नव्हतं. मी पण नाही.

मित्रांनो, आपल्या प्रत्येक निवेदनात दोन गोष्टी असतात. एक, घटनेचं कलम ३५०-अ, भाषिक अल्पसंख्याक मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून देण्याची सोय. दुसरी, २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यातलं कलम २९, शक्य तिथं माध्यम मातृभाषाच असावं. त्या कलम २९ मधली लगेच पुढची ओळ तुमच्यापैकी किती जणांनी वाचलीय? तिथं लिहिलंय की मुलाला भीती, आघात आणि चिंता यांपासून मुक्त ठेवावं आणि त्याला आपलं म्हणणं मोकळेपणानं मांडायला मदत करावी. माध्यमाची ओळ आणि भीतीची ओळ कायद्यात एकाखाली एक आहेत. आपण वरची घेतली आणि खालची सोडून दिली.

नुसती वरची घेऊन भागत नाही, हे मी स्वतः भोगलंय. आमच्या शाळेत सगळे शिक्षक मराठी. छडीही मराठी आणि शिव्याही मराठी. पाढा चुकला की अख्ख्या वर्गापुढं अंगठे धरून उभं करायचे. त्याच कायद्याच्या कलम १७ नं आता शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ दोन्हींवर बंदी आहे. तरी गावात कोण बोलत नाही, कारण सर आपले, शाळा आपली.

काही जुनी माणसं म्हणतात, आधी शाळा टिकू दे, बाकीचं मग बघू. मला हे उलटं वाटतं. आईबाप इंग्रजी शाळेत घालतात ते इंग्रजीसाठी, हे खरंच. पण माझं पोर तिथं रडत जात नाही, हेही त्यातलं एक कारण असतं. रडत जाणारं पोर किती दिवस आपल्या पटावर राहील? आणि राहिलं तरी मोठं होऊन मराठी शाळेबद्दल काय सांगेल?

मग करायचं काय? पहिलं, एसडीएमसी. कायद्यानं शाळेच्या समितीत तीन-चतुर्थांश सदस्य पालक आणि निम्म्या महिला असायला पाहिजेत. तिथं पत्रा, कंपाउंड आणि २६ जानेवारीचा खाऊ यांवरच बैठक संपते. पुढच्या बैठकीत इतकंच विचारा: कुठलं पोर महिन्यात पाचवेळा गैरहजर होतं, आणि का? कुणाचे आईबाप गोव्याला नाहीतर पुण्याला कामाला आहेत आणि पोर आजीजवळ आहे? मुतारीला कडी आहे का, पाणी आहे का? पोरं दुपारचं जेवतात का, की ताट तसंच परत जातं?

दुसरं, कन्नड. कायद्यानं ते पहिलीपासून आहे आणि इथं राहणाऱ्या पोराला ते यायलाही पाहिजे. पण सहा वर्षांच्या पोराला ते खेळातून, गाण्यातून, तोंडी आधी यावं. न आल्याबद्दल उभं करून नव्हे.

तिसरं, आपण. शनिवारी शाळा सकाळची असते. सुटल्यावर तासभर, मुख्याध्यापकांना विचारून, दोघा-तिघांनी जायचं. खो-खो खेळा, गोष्ट वाचा. भाषण देऊ नका. पोरं हळूहळू बोलायला लागतात. काही गंभीर कानावर आलं तर ते गावभर करायचं नाही. आधी विश्वासातल्या शिक्षकांना सांगायचं, आणि गरज पडली तर १०९८ ही मुलांसाठीची मोफत हेल्पलाइन आहे.

त्या वहिनींना मी तेव्हा काही उत्तर दिलं नाही. जूनपासून आम्ही तिघं जायला लागलो. त्याच बाई पुन्हा नेमणुकीवर आल्या होत्या. त्यांच्याशी बोलून वर्गात एक तक्ता लावला, वीस शब्द, दोन्ही भाषांत. पाणी म्हणजे नीरु. पोटदुखी म्हणजे होट्टे नोवु. लघवीला जायचंय, भीती वाटते, घरी जायचंय, हेही त्यात घातलं. पोरांनी कन्नड पाठ केलं आणि बाईंनी मराठी. आता बाईच अधूनमधून विचारतात, "लघवीला जायचंय काय?" आणि वर्ग हसतो, पण बाईंच्या उच्चाराला. बाईही हसतात.

त्या पोराचं पोट एकदम थांबलं नाही. दिवाळीपर्यंत अधूनमधून दुखायचं. आता शनिवारी आम्हाला उशीर झाला की तोच फाटकापाशी उभा असतो.

तुमच्या गावच्या शाळेत किती पोरं आहेत, हा आकडा तुम्हाला माहीत असेल. त्यातल्या पाच जणांची नावं माहीत आहेत का?