दोन हजेऱ्या

‘हजेरी’ म्हटलं की बहुतेकांच्या डोळ्यांपुढे वर्ग येतो. पारधी, कैकाडी, टकारी यांच्या घरांत मात्र या शब्दाला दुसरी, जुनी आठवण चिकटलेली आहे. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने ज्यांना जन्मानेच गुन्हेगार ठरवलं, त्यांना पोलिसांकडे किंवा पाटलाकडे हजेरी द्यावी लागे आणि हद्द ओलांडायची तर परवानगी घ्यावी लागे. १९११ मध्ये हा कायदा मुंबई इलाख्यालाही लागू करता येईल असा विस्तारला. आईबापांपासून मुलं काढून सुधारशाळेत ठेवण्याचा अधिकारही त्यात सरकारला होता. आपलं तुळजापूर तेव्हा निजामाच्या राज्यात होतं हे खरं, पण इथून जेमतेम पंचेचाळीस किलोमीटरवर, सोलापुरात, या जमातींना कुंपणाआड ठेवणारी वसाहत होती आणि त्या भागाच्या नावात ‘सेटलमेंट’ हा शब्द आजही आहे. भटक्यांची वाट संस्थानाच्या शिवेवर थांबत नव्हती. ३१ ऑगस्ट १९५२ ला तो कायदा गेला, या जमाती ‘विमुक्त’ ठरल्या आणि पहिली हजेरी संपली. शाळेतली दुसरी हजेरी मात्र अजून नीट लागत नाही, आणि त्याचं कारण आपण भलतीकडेच शोधत आलो आहोत.

‘त्यांना शिकायचंच नसतं’ हे आपलं ठरलेलं उत्तर. ते खोटं आहे याचा पुरावा तुळजापूर तालुक्यातच आहे. भटके विमुक्त विकास प्रतिष्ठानने १९९३ मध्ये यमगरवाडीत पारधी आणि इतर भटक्या-विमुक्तांच्या मुलांसाठी काम सुरू केलं, त्यातून निवासी शाळा उभी राहिली. या कामात आघाडीवर असलेल्या गिरीश प्रभुणे यांना २०२१ मध्ये पद्मश्री जाहीर झाली. जिथे शिक्षक मुलाच्या जातीवरून त्याचा हिशेब मांडत नाहीत, तिथे तीच मुलं राहतात आणि शिकतात. पण या यशात एक गैरसोयीचा प्रश्न दडलेला आहे. शिकण्यासाठी मुलाला घर सोडून माळावरच्या वेगळ्या शाळेत जावं लागतं, ते गावातल्या शाळेत त्याला जागा वाटत नाही म्हणून. पारध्यांच्या मुलांना घडवणाऱ्या शाळा आपण काढल्या. आपल्या मुलांच्या शाळेने बदलावं, असं मात्र कुणी म्हटलं नाही.

हे म्हणायला नवा कायदा लागत नाही. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्यात आहे की मूल भय आणि दडपणापासून मुक्त असावं, शक्य तितकं त्याच्या मातृभाषेत शिकावं आणि जन्माचा दाखला नाही म्हणून त्याला प्रवेश नाकारू नये. शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक असावेत आणि त्यांत वंचित घटकांच्या पालकांना प्रमाणात जागा असावी, हेही त्यातच आहे. पारधी बोली गुजरातीला जवळची. म्हणजे पहिलीत बसलेल्या पारधी मुलासाठी मराठी ही परकी भाषा असते. त्याचं गप्प बसणं आपण ‘मंद’ म्हणून वाचतो. वर्गात कुणाचं कंपासपेटीतलं काही हरवलं की नजरा कुठे वळतात, हे त्या मुलाला बाराखडीच्या आधी कळतं. मुलांचं स्वास्थ्य म्हणजे खिचडी आणि आरोग्य तपासणी एवढंच मानलं, तर ही नजर कुठल्याच नोंदवहीत सापडणार नाही.

आईबापांपासून मुलं काढून नेणं आपल्यापुरतं नव्हतं; आदिवासी मुलं घरांतून उचलून नेण्याचा प्रकार याच साम्राज्याच्या छायेत ऑस्ट्रेलिया आणि कॅनडातही झाला. ऑस्ट्रेलियात १९९७ च्या चौकशी अहवालाने तो देशापुढे मांडला आणि १३ फेब्रुवारी २००८ रोजी पंतप्रधान केविन रड यांनी संसदेत माफी मागितली. तिथे दरवर्षी २७ मे ते ३ जून हा सलोख्याचा आठवडा शाळाही पाळतात. कॅनडाच्या सत्य आणि समेट आयोगाने २०१५ मध्ये जी ९४ आवाहनं केली, त्यांत अशी मुलं जिथे ठेवली त्या निवासी शाळांचा इतिहास सर्व विद्यार्थ्यांना शिकवण्याचं आवाहन आहे. महत्त्वाचा शब्द ‘सर्व’. ज्यांच्या पूर्वजांनी जमीन घेतली त्यांच्या नातवंडांनीही तो धडा शिकायचा आहे. अर्थात माफीने सगळं भागत नाही. आदिवासींना संसदेपुढे मत मांडणारी घटनात्मक संस्था देण्याचा प्रस्ताव ऑस्ट्रेलियाच्या सुमारे ६० टक्के मतदारांनी ऑक्टोबर २०२३ मध्ये फेटाळला. म्हणून समारंभापेक्षा वर्गातला रोजचा व्यवहार महत्त्वाचा.

हजेरीचा हा इतिहास आपल्याही वर्गात सर्वांना शिकवावा, यावर पहिला आक्षेप असा की कायदा इंग्रजांचा होता, आपण कशाला खजील व्हायचं? पण कायदा गेल्यावर सराईत गुन्हेगारांचे कायदे आले ते आपलेच. मुंबई राज्याने १९५९ मध्ये असा कायदा केला, तेव्हा मराठवाडा त्याच राज्यात होता. विमुक्त जमातींकडे संशयाने पाहणारे तुरुंग नियमावल्यांतले उल्लेख घटनाबाह्य ठरायला सर्वोच्च न्यायालयाचा ३ ऑक्टोबर २०२४ चा निकाल यावा लागला. दुसरा आक्षेप, या जमातींत चोऱ्या करणारे आहेत त्याचं काय? ज्याने चोरी केली त्याच्यावर खटला चालवावा. त्याच्या पुतण्याच्या दप्तराची झडती घेऊ नये. इतर कुठल्याही जातीला आपण हाच न्याय लावतो. तिसरा आक्षेप अधिक गंभीर आहे: हे शिकवलं तर मुलांच्या मनात नसलेली जात आपणच घालू. पण ‘पारध्यासारखा राहतोस’ ही शिवी मूल शाळेत येण्याआधीच शिकून आलेलं असतं. लक्ष्मण गायकवाडांनी आत्मकथनाला ‘उचल्या’ ही शिवीच नाव म्हणून दिली आणि १९८८ मध्ये त्याला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. शिवी लपवल्याने जात नाही, तिचा उगम सांगितल्यावर तिची धार बोथट होते.

मराठवाड्यातली शाळा १७ सप्टेंबरला मुक्तिसंग्राम दिन पाळते. त्याच्या बरोबर सतरा दिवस आधी, ३१ ऑगस्टला, विमुक्त दिन येतो. निजामाच्या जाचातून सुटलेल्या प्रदेशाला दुसऱ्याच्या सुटकेचा अर्थ समजावून सांगावा लागू नये. त्या दिवशी व्यवस्थापन समितीच्या बैठकीत पारधी वस्तीवरचा पालक खुर्चीवर बसलेला असावा आणि पहिलीच्या भिंतीवर मराठी शब्दाशेजारी पारधी शब्द लिहिलेला असावा. भवानीच्या नावाने संबळ वाजवणारे गोंधळी आणि गळ्यात कवड्यांच्या माळा घालणारे भुत्ये यांचीही नोंद सरकारदरबारी भटक्या जमातींत आहे. लग्नानंतर अंगणात गोंधळ घालायला आपण त्यांना मानाने बोलावतो. तो मान अंगणातून शाळेच्या वर्गापर्यंत न्यायचा आहे. पहिल्या हजेरीला चुकलं की शिक्षा होती. दुसरीला चुकलं की ‘सतत गैरहजर’ असा शेरा पडतो आणि कुणी वस्तीवर विचारायला जात नाही. सरकारने १९५२ मध्ये एका वहीतून ही नावं काढली. दुसऱ्या वहीत ती टिकवण्याचं काम गावाचं आहे.