तिळावरील गादमाशी व बांधावरचीं झुडपें

शिरूर व दौंड तालुक्यांच्या कोरडवाहू भागांत बाजरींत तिळाच्या ओळी घालण्याची चाल जुनी आहे. तीळ कळ्यांवर येऊनही बोंडें धरीत नाहीं, तेव्हां कोणी पावसास दोष देतो, कोणी बांधावरील झुडपांस. बाभूळ, हिवर, बोर यांच्या डहाळ्यांवर गाठी दिसतात. तीच कीड पिकांत उतरते असें समजून बांध बोडके करणें आम्हांस मुळींच पसंत नाहीं.

तिळाची कळी नासविणाऱ्या किडींत गादमाशी प्रमुख आहे. ही डासासारखी दिसणारी इवलीशी माशी कळींत अंडें घालते. अळी आंत वाढते. कळी फुगून गाठ बनते व उमलतच नाहीं. हिच्याच गणांतील माश्या अमेरिकेच्या वाळवंटांत क्रिओसोट नांवाच्या झुडपावर राहतात. त्या एका झुडपावर त्यांच्या सुमारें १५ जाती असून, कोणी पानावर, कोणी कळीवर, कोणी खोडावर आपापली निराळी गाठ करते. या कुळांतील बहुतेक माश्या आपली ठराविक वनस्पति सोडीत नाहींत. बोरीच्या डहाळीवरील गाठ तर बहुधा माशीची नसून कोळ्याच्या वर्गांतील सूक्ष्म किडीची असते. मग माती धरून ठेवणारें, सावली व सरपण देणारें झाड तोडून तिळाचें रक्षण कसें होणार?

आमचें आयुष्य महसुली दप्तरांत गेलें. तेथें पेरा नोंदला जातो. कळींत काय चाललें आहे तें सातबाऱ्यावर उमटत नाहीं. सन २०२१ पासून ई-पीक पाहणींत शेतकरी स्वतःच आपल्या पिकाची नोंद व छायाचित्र देतो. परंतु हिरवें रान छायाचित्रांत भरघोसच दिसतें! तेव्हां नोंदीसाठीं शेतांत गेल्यावर चार फुगीर कळ्या नखानें फोडून पाहाव्या. आंत पांढरी, बिनपायांची अळी आढळल्यास तशा कळ्या, माशी बाहेर पडण्यापूर्वींच, वेंचून नष्ट कराव्या. हें काम शेजाऱ्यांनीं मिळून करावें. एकानें वेंचल्या व दुसऱ्यानें ठेविल्या तर श्रम व्यर्थ होत. औषध फवारण्याची घाईही करूं नये. या अळीवर जगणाऱ्या बारीक गांधीलमाश्या आपल्या मित्र आहेत.

कुऱ्हाड उचलण्यापूर्वीं कळी फोडून पाहावी, इतकीच आमची सूचना आहे.