दांडग्या गड्याच्या हाती झेल



अमेरिकेत ज्याला फुटबॉल म्हणतात तो आपल्याकडील फुटबॉल नव्हे. तेथील चेंडू लांबट, दोन्ही टोकांना निमुळता असतो. तो हातात धरून पळायचे किंवा हाताने पुढे फेकायचा. दोन्ही बाजूंचे अकरा-अकरा गडी. चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे सरकले तर पुन्हा चार प्रयत्न मिळतात, नाही तर चेंडू प्रतिपक्षाकडे जातो. एवढे ध्यानात ठेवले तरी पुढचे समजेल.

संघाचा मेंदू समजला जातो तो क्वार्टरबॅक. चेंडू फेकणारा तोच. त्याच्या मागे उभा असतो रनिंग बॅक, म्हणजे चेंडू घेऊन पळणारा. त्यातही जो शंभर किलोच्या वरचा, छातीने वाट काढणारा असेल त्याला पॉवर बॅक म्हणतात. त्याचे काम ठरलेले. चेंडू पोटाशी धरायचा, मान खाली घालायची आणि माणसांच्या भिंतीत घुसायचे. हा गडी चेंडू झेलू शकेल काय, हे विचारण्याची गरजच कित्येक प्रशिक्षकांना वाटली नाही. अंगात बळ आहे ना, मग बळाचेच काम द्या! हा हिशेब आपल्या समाजाला नवा नाही.

वास्तविक या दांडग्या गड्याला झेल देण्यात मोठा फायदा असतो. जो कधीच झेलत नाही तो मैदानात आला की प्रतिपक्ष ओळखतो, आता हा पळणार. मग सात-आठ जण त्याच्या समोर दाटीने उभे राहतात. पण तोच गडी जर आधी क्वार्टरबॅकच्या रक्षणाला थांबल्याचे दाखवून हळूच बाजूला सटकला आणि त्याने छोटा पास घेतला, तर सगळे चित्र पालटते. आता त्याच्या पुढे भिंत नाही, मोकळे मैदान आहे, आणि अडवायला धावून येतो तो बहुधा पंचाऐंशी-नव्वद किलोचा चपळ पण हलका रक्षक. वेगात आलेल्या एकशे पाच किलोच्या माणसाला एकट्याने पाडणे म्हणजे काय, ते ज्यांनी हमाली केली आहे त्यांना सांगायला नको.

स्क्रीन पास नावाची युक्ती तर अशा गड्यासाठीच केल्यासारखी आहे. पुढच्या फळीतले गडी प्रतिपक्षाला मुद्दाम आत येऊ देतात. ते क्वार्टरबॅकवर तुटून पडले की तो त्यांच्या डोक्यावरून अलगद चेंडू बाजूला थांबलेल्या बॅककडे टाकतो. मघाची फळी तोवर त्याच्यापुढे वाट करायला निघालेली असते.

तोटेही आहेत, ते लपविण्यात अर्थ नाही. जड माणसाला चटकन दिशा बदलता येत नाही. तो झेलायला गेला तर क्वार्टरबॅकला वाचवायला एक माणूस कमी पडतो. शिवाय झेलणे ही शिकण्याची विद्या आहे. शिकवणारा हवा आणि शिकवण्याची इच्छाही हवी.

आता मूळ माणसाकडे येऊ. मॅरियन मॉटली. क्लीव्हलँड ब्राऊन्स संघाचा, सहा फुटांहून किंचित अधिक उंचीचा, एकशे पाच किलोंहून जड असा कृष्णवर्णीय फुलबॅक. 1933 च्या हंगामानंतर 1946 पर्यंत एनएफएल या मोठ्या स्पर्धेत एकही कृष्णवर्णीय खेळाडू घेतला गेला नव्हता. 1946 साली लॉस एंजेलिसच्या संघाने दोघांना घेतले, आणि प्रतिस्पर्धी स्पर्धेत खेळणाऱ्या क्लीव्हलँडने मॉटली व बिल विलिस यांना घेतले. बेसबॉलमध्ये जॅकी रॉबिन्सन मोठ्या स्पर्धेत उतरला तो त्यानंतर, 1947 साली. याच 1946 मध्ये परमपूज्य बाबासाहेबांनी अमेरिकेतील कृष्णवर्णीय विचारवंत डब्ल्यू. ई. बी. ड्युबॉइस यांना पत्र लिहून, त्यांच्या बांधवांतर्फे संयुक्त राष्ट्रसंघाकडे गेलेल्या निवेदनाच्या प्रती मागविल्या होत्या. ड्युबॉइस यांनी उत्तरही पाठविले.

त्या हंगामात मायामीच्या सामन्याला मॉटली आणि विलिस यांना नेलेच नाही, कारण फ्लोरिडात गोऱ्या-काळ्यांनी एकत्र खेळायला बंदी होती. मैदानातही तो खाली पडला की प्रतिपक्षाचे गडी खिळ्यांच्या बुटांनी त्याच्या हातांवर पाय देत. त्याच हातांनी त्याने कारकिर्दीत 85 झेल घेऊन 1,107 यार्ड मिळविले. म्हणजे झेलामागे तेरा यार्ड! ही सरासरी एखाद्या हलक्या, चपळ गड्यालाही शोभावी. 1968 साली त्याचे नाव फुटबॉलच्या सन्मान-दालनात गेले. मात्र खेळ संपल्यावर त्याने प्रशिक्षकाची जागा मागितली तेव्हा ती त्याला मिळाली नाही. पुढे त्याने टपाल खात्यात नोकरी केली. धडक मारायला चालला, शिकवायला चालला नाही. आधुनिक एनएफएलमध्ये पहिला कृष्णवर्णीय मुख्य प्रशिक्षक आर्ट शेल, तो 1989 साली.

मॉटलीनंतर त्याच संघात 1957 साली जिम ब्राऊन आला. नऊ हंगामांपैकी आठांत पळण्यात पहिला, आणि सोबत 262 झेल. 1967 साली व्हिएतनाम युद्धाला नकार देणाऱ्या महंमद अलीच्या पाठीशी क्लीव्हलँडमध्ये खेळाडूंना उभे करणारा हाच. परंतु घरातील बाईमाणसाशी त्याची वागणूक चांगली नव्हती. पत्नीच्या मोटारीची मोडतोड केल्याच्या खटल्यात न्यायालयाने सांगितलेले समुपदेशन नाकारल्यावरून तो 2002 साली तुरुंगात गेला. कुटुंबाच्या पानावर हे न लिहिता त्याची आरती करणे आम्हास पटत नाही.

आमच्या मनाला खरा चटका लावतो तो अर्ल कॅम्पबेल. टेक्सासमधील टायलर गावचा, अकरा भावंडांतील एक. वडील लवकर वारले, आईने गुलाबाच्या मळ्यांत राबून पोरे वाढविली. ह्यूस्टनच्या संघाने 1980 च्या एका हंगामात त्याला 373 वेळा चेंडू देऊन गर्दीत घातले. त्याने 1,934 यार्ड काढले. झेल किती? अवघे अकरा! आठ हंगामांत देह खिळखिळा झाला. पाठीच्या कण्याच्या शस्त्रक्रिया झाल्या, काठीच्या व चाकाच्या खुर्चीच्या आधारावाचून चालणे कठीण झाले. त्याला अधिक झेल दिले असते तर हे सारे टळले असते असे आम्ही म्हणणार नाही, कारण झेलणाऱ्यालाही मार बसतोच. पण भिंतीवरच्या काही धडका तरी वाचल्या असत्या.

दुसरीकडे सेंट लुईसचा स्टीव्हन जॅक्सन पाहा. वजन 109 किलोच्या घरात. 2006 साली त्याने पळून 1,528 यार्ड काढले आणि वर 90 झेल घेऊन 806 यार्ड मिळविले. जड माणसाला झेल जमत नाही म्हणणाऱ्यांनी हा हंगाम तपासावा.

तरीही जुनी सवय मोडत नाही. 112 किलोचा डेरिक हेन्री 2019 साली टेनेसीकडून खेळताना क्लीव्हलँडविरुद्ध एक साधा स्क्रीन पास घेऊन 75 यार्ड धावला आणि गुण करून आला. मागे लागलेल्यांपैकी कोणाच्या हाती लागला नाही. त्या अख्ख्या हंगामात त्याचे झेल झाले 18. पुढच्या वर्षी त्याने पळून 2,027 यार्ड काढले आणि झेल झाले 19.