संग्रहालयातले काम फुकट का?

पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयात सुमारे २० हजार वस्तू आहेत आणि त्यांपैकी जेमतेम अडीच हजार प्रेक्षकांसमोर मांडलेल्या आहेत. बहुतेक जुन्या संग्रहालयांची स्थिती थोड्याफार फरकाने अशीच असते. मांडणीबाहेरच्या वस्तूंची नोंद तपासणे, फोटो काढणे, माहिती संगणकावर चढवणे हे काम मागे पडत जाते, कारण ते करायला माणसे नसतात. केंद्राच्या अखत्यारीतल्या मोठ्या संग्रहालयांमधल्या नोंदी आणि पडताळणीतल्या त्रुटींवर कॅगने २०१३च्या अहवालात बोट ठेवले होते. छोट्या संग्रहालयांची अवस्था त्याहून बरी असण्याचे काही कारण नाही. दुसऱ्या बाजूला, नव्या शैक्षणिक धोरणानुसार आपल्या विद्यापीठांच्या अभ्यासक्रमात आता प्रत्यक्ष कामाचे प्रशिक्षण आले आहे. पदव्युत्तर विद्यार्थ्याला त्यासाठी चार श्रेयांक, म्हणजे साधारण १२० तास द्यावे लागतात. इतिहास, पुरातत्त्व, कला, मराठी, रसायनशास्त्र अशा विषयांच्या मुलामुलींनी हे तास संग्रहालयात घालवावेत, ही कल्पना उत्तम आहे. तिच्यात एकच मोठी खोट आहे. श्रेयांक सक्तीचे आहेत, मोबदला मात्र सक्तीचा नाही. संग्रहालयात राबणाऱ्या विद्यार्थ्याला विद्यावेतन मिळालेच पाहिजे आणि ते ठरलेल्या दराने, वेळेवर मिळाले पाहिजे, असे माझे म्हणणे आहे.

हे काम म्हणजे नुसते बघत उभे राहणे, असा एक समज आहे. एका पितळी अडकित्त्याची नोंद कशी होते ते पाहा. हातमोजे घालून तो मऊ, कोरड्या ब्रशने झाडायचा. उघड्या हाताने धरला तर घामातल्या क्षारांमुळे पितळेवर बोटांचे ठसे कायमचे उमटू शकतात. मग लांबी, रुंदी, वजन, धातू, घडण, खिळा सैल झाला आहे का, पाते कुठे मोडले आहे का, हे सगळे लिहायचे. हिरवा डाग दिसला तर तो जुना आणि घट्ट बसलेला आहे की भुकटी सुटणारा, म्हणजे अजून धातू खाणारा आहे, हे पाहायचे. मोजपट्टी शेजारी ठेवून सगळ्या बाजूंनी फोटो घ्यायचे. दाखल क्रमांक थेट धातूवर घालायचा नाही. सहज दिसणार नाही अशा जागी, पुढे काढून टाकता येईल अशा लॅकरचा थर द्यायचा, तो वाळला की त्यावर शाईने बारीक आकडे लिहायचे आणि वरून पुन्हा एक थर. शेवटी जुन्या नोंदवहीतली ओळ शोधून सगळे ताडून पाहायचे आणि पुण्याच्याच सी-डॅकने तयार केलेल्या ‘जतन’सारख्या प्रणालीत ही माहिती भरायची. एका वस्तूला अर्धा-पाऊण तास सहज जातो. या हिशेबाने १२० तासांत एक विद्यार्थी दीडशे-दोनशे वस्तू मार्गी लावतो. हेच काम बाहेरच्या संस्थेला दिले असते तर तिचे बिल भरावे लागले असते. विद्यार्थ्याने केले म्हणून त्याची किंमत शून्य होत नाही.

फुकट कामाचा खरा फटका कोणाला बसतो? ज्याचे घर दादरला किंवा कोथरूडला आहे, त्याला दोन महिने विनावेतन काम करणे जमते. धाराशिव, गडचिरोली किंवा नंदुरबारच्या मुलीला मुंबईत खोलीचे भाडे, खानावळ आणि लोकलचा पास यांचा मेळ घालायचा असतो. सुट्टीत शेतावर किंवा दुकानात काम करून जे चार पैसे मिळाले असते, तेही बुडतात. तिच्या अर्जावर कुणी नकार लिहीत नाही, कारण ती अर्जच करत नाही. पुढे नोकरीच्या जाहिरातीत अनुभवाची अट येते, तेव्हा हा अनुभव ज्याला परवडला तोच पात्र ठरतो. अशा रीतीने एखादा व्यवसाय ठरावीक घरांपुरता मर्यादित होतो आणि त्यात कुणाचा दुष्ट हेतू असावा लागत नाही.

अमेरिकेतल्या कलासंग्रहालयांनी हे आकड्यांत पाहिले. मेलन फाउंडेशनने २०१५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीत अभिरक्षक, संवर्धक, शिक्षण विभाग आणि नेतृत्व या पदांवरचे ८४ टक्के लोक श्वेतवर्णीय निघाले. कृष्णवर्णीय होते ४ टक्के. विनावेतन इंटर्नशिप हे त्याचे एकमेव कारण नक्कीच नाही, पण दार तिथूनच अरुंद होते, हे तिथल्या संस्थांनी मान्य केले. २०१९ मध्ये कलासंग्रहालय संचालकांच्या संघटनेने इंटर्नना मोबदला द्यावा असा ठराव केला आणि २०२० मध्ये न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयाने पन्नास लाख डॉलरच्या देणगीतून आपल्या सगळ्या इंटर्नशिप सवेतन केल्या. लॉस एंजेलिसच्या गेटी संस्थेने तर १९९३ पासूनच, या क्षेत्रात कमी दिसणाऱ्या समाजांतल्या पदवीच्या विद्यार्थ्यांसाठी, विद्यावेतनाची योजना चालवली आहे. आपल्याकडे वर्णाच्या जागी जात, जिल्हा आणि घरची ऐपत आहे.

आणि यात संग्रहालयांचाही तोटा आहे, हा मुद्दा मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. आपल्या संग्रहांत केवळ राजांच्या तलवारी आणि शिल्पे नाहीत. दिवे, अडकित्ते, शेतीची अवजारे, वाद्ये, देवघरातल्या वस्तू, स्वयंपाकघरातली भांडी यांनी ते भरलेले आहेत. यातली एखादी वस्तू कशी धरायची, कोणत्या हंगामात बाहेर काढायची, तिचा कुठला भाग आधी झिजतो, हे ज्या घरांत ती परवापरवापर्यंत वापरात होती तिथल्या मुलांना ठाऊक असते. शहरात वाढलेला हुशार विद्यार्थी पुस्तकांतून तिथवर पोहोचेल, पण उशिरा आणि अर्धवट. ज्यांच्याकडे हे ज्ञान आहे, नेमके त्यांनाच आपण पैशाअभावी दाराबाहेर ठेवतो. तेरचे उदाहरण घ्या. प्राचीन तगर नगरीच्या या गावात रामलिंगप्पा लामतुरे यांच्या संग्रहातून उभे राहिलेले संग्रहालय आहे. पाँपेईत सापडलेल्या हस्तिदंती मूर्तीशी नाते सांगणारी मूर्ती याच गावातली. तिथून जवळच धाराशिवला विद्यापीठाचे उपकेंद्र आहे. तिथल्या विद्यार्थ्यांना सत्र चालू असताना आठवड्याला दहा तासांचे सवेतन सहायकपद मिळाले, तर मुंबईला जाण्याचा प्रश्नच उरणार नाही आणि तेरच्या वस्तूंवर तेरच्या पंचक्रोशीतली मुले लिहितील.

पैसा कुठून आणायचा, हा पहिला आक्षेप. संग्रहालये गरीब आहेत हे खरे आहे, पण रक्कम किती ते तरी मांडून पाहू. राज्य सरकारने २०२४ मध्ये मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना आणली तेव्हा पदवीधराला दरमहा १० हजार रुपये विद्यावेतन ठरवले. प्रशिक्षणार्थ्याच्या कामाला दाम असतो, हे तत्त्व सरकारने तिथेच स्वीकारले. फक्त शिक्षण चालू असलेल्यांना त्यातून वगळले. तोच दर धरला तर शंभर विद्यार्थ्यांचा तीन महिन्यांचा खर्च ३० लाख रुपये होतो. राज्याच्या अर्थसंकल्पात ही रक्कम शोधूनही सापडणार नाही. शिवाय २०१३च्या कंपनी कायद्याने सामाजिक दायित्वाच्या निधीतून वारशाच्या जतनासाठी खर्च करायला मुभा दिली आहे. देणगीदाराला नव्या दालनावर नाव कोरलेले आवडते, हे मान्य. पण त्या दालनात काय ठेवायचे हे ठरवण्याआधी स्टोअरमध्ये काय आहे ते कळायला हवे, हे त्याला पटवून देणे विश्वस्तांचे काम आहे.

मुले शिकायला येतात, मग पैसे कशाचे, असेही विचारले जाते. सरकारी वैद्यकीय महाविद्यालयातला इंटर्न शिकतच असतो, सीएची आर्टिकलशिप करणाराही शिकतच असतो. दोघांनाही विद्यावेतन मिळते. विद्यार्थ्याच्या श्रमाला मोल देऊन शिक्षण पुढे नेण्याची परंपरा तर महाराष्ट्रानेच घडवली. कर्मवीर भाऊराव पाटलांनी रयत शिक्षण संस्थेत ‘कमवा आणि शिका’ रुजवली आणि आज विद्यापीठेही त्या नावाची योजना चालवतात. त्या योजनेतला विद्यार्थी ग्रंथालयात किंवा बागेत काम करून तासाचे पैसे घेतो. तोच विद्यार्थी संग्रहालयात आपल्या विषयाचे काम करू लागला की पैसे का थांबावेत, याचे पटेल असे उत्तर मला सापडलेले नाही.

एक आक्षेप मात्र गंभीर आहे. स्वस्तातले विद्यार्थी मिळाले की रिक्त पदे भरायचीच नाहीत, असा मोह प्रशासनाला होईल. सरकारी कार्यालयांत कंत्राटी नेमणुकांचे जे झाले ते पाहता ही भीती निराधार म्हणता येणार नाही. म्हणून नियम कडक हवेत. जिथे पूर्णवेळ अभिरक्षक नाही तिथे सहायक विद्यार्थी द्यायचा नाही, कारण त्याला शिकवणारे आणि नाजूक वस्तू हाताळताना लक्ष ठेवणारे कुणी नसेल. एका मार्गदर्शकाकडे तीन-चारांहून अधिक विद्यार्थी नकोत. एका विद्यार्थ्याची मुदत एका वर्षापलीकडे वाढवायची नाही आणि मंजूर पदाचे काम त्याच्या नावावर दाखवायचे नाही. पैसे द्यायचे म्हटले की जागा घटतील, हेही होईल. तीस फुकट विद्यार्थ्यांना प्रमाणपत्रे वाटण्यापेक्षा दहा जणांना पगार देऊन नीट शिकवलेले बरे, असे माझे स्पष्ट मत आहे. फुकटातल्या माणसाचा वेळ कुणी जपून वापरत नाही. पैसे मोजले की संग्रहालयही कामाची आखणी करू लागते.

प्रत्यक्ष कामाच्या प्रशिक्षणासाठी विद्यापीठे संग्रहालयांशी सामंजस्य करार करतात. त्या करारात विद्यावेतनाची रक्कम, ते देण्याची तारीख आणि मार्गदर्शकाचे नाव ही तीन कलमे असायलाच हवीत. ती नसतील तर कुलसचिवांनी त्यावर सही करू नये, आणि ती आहेत का हे पालकांनी आणि विद्यार्थ्यांनी प्रवेशाच्या वेळीच विचारावे.