राखणीची रात्र, पळण्याची सकाळ

साताऱ्यात २०१२ पासून यवतेश्वरच्या घाटात अर्धमॅरेथॉन भरते. ती एकदा तरी पुरी करायची, या हट्टापायी पन्नाशी उलटल्यावर मी पळायला लागलो. ‘उभ्या जन्मात बस पकडायला कधी पळाला नाहीत,’ असं आमच्या घरात अजून ऐकवलं जातं. पण सवय लागली खरी. रविवारी पहाटे किर्लोस्करवाडीहून निघायचं, कुंडलमार्गे सागरेश्वरचा डोंगर गाठायचा, हा आता नेमच झाला आहे.

वसाहतीतले दिवे मागं पडतात. नव्या प्लॉटांवरचे बंगले, अर्धवट बांधकामं, अंगावर येणारी कुत्री हे सगळं ओलांडलं की ऊस आणि द्राक्षबागा सुरू होतात. १९१० मध्ये लक्ष्मणराव किर्लोस्करांनी इथं कारखाना आणला, तेव्हा औंधच्या संस्थानिकांनी दिलेली ही जागा म्हणजे निवडुंगाचा आणि नागांचा माळ होती. आजूबाजूचा बराच मुलूख तेव्हा सातारा जिल्ह्यात होता. १९४९ मध्ये दक्षिण सातारा वेगळा झाला आणि १९६० मध्ये त्याचं नाव सांगली पडलं. पळण्याचंही इथं नवल नाही. प्रतिसरकारच्या काळात तुफान सेनेची पोरं याच कुंडलच्या परिसरात कवायत करीत होती. माझ्यासारखी तब्येतीसाठी मात्र नव्हे!

गेल्या हिवाळ्यात कुंडलच्या पुढं एक शेतकरी भेटला. अंगावर घोंगडं, हातात बॅटरी, डोळे तांबारलेले.

“काय मास्तर, कुणी पाठी लागलंय व्हय?”

“नाही हो, तब्येतीसाठी पळतोय.”

तो हसला. “आमची तब्येत बघा की. रातभर हरणांमागं पळून अशी झालीया. डोळा लागला आन् हरभरा खुडून न्हेला.”

मी पुढं गेलो. पण त्या दिवशी पाय हलके पडले नाहीत.

सागरेश्वर हे माणसानं घडवलेलं अभयारण्य. मोहित्यांचे वडगावच्या धों. म. मोहिते यांनी ध्यास घेतला, उघड्याबोडक्या डोंगरावर झाडं लागली आणि सांबर, चितळ, काळवीट बाहेरून आणून सोडले गेले. १९८५ मध्ये अभयारण्य जाहीर झालं. क्षेत्र अवघं १०.८७ चौरस किलोमीटर. माणसानं मनावर घेतलं तर माळाचं रान होतं, याचा एवढा ढळढळीत पुरावा आपल्या भागात दुसरा नाही. त्याचा अभिमान मला आहेच.

पण लावलेल्या रानाची जबाबदारीही लावणाऱ्यांवर येते. हरणं सोडली तेव्हा त्यांच्यावर वचक ठेवणारं मोठं जनावर इथं नव्हतं. बारमाही पाणी नाही. उन्हाळ्यात गवत वाळतं आणि कुंपणापलीकडं कृष्णेच्या पाण्यावरचं हिरवंगार शिवार दिसतं. हरणानं करावं काय? आणि ज्याच्या रानात ते शिरतं त्यानं तरी काय करावं? मारायचं नाही, हा कायदा आहे आणि तो योग्यच आहे. मग नुकसान एकट्यानं का सोसायचं? भरपाईची तरतूद आहे. पण अर्ज, पंचनामा, क्षेत्राची मोजणी, हेलपाटे या सगळ्यात गरीब माणसाचा हंगाम निघून जातो. रानाचं सुख सगळ्यांचं आणि राखणीची रात्र कुंपणालगतच्या चार घरांची, ही वाटणी न्यायाची नाही.

माझं म्हणणं साधं आहे. प्रवेशाच्या पैशातला ठरावीक वाटा कुंपणाच्या डागडुजीला आणि आतल्या पाणवठ्यांना जावा आणि त्याचा हिशेब गावाच्या फळ्यावर लागावा. पंचनामा पीक उभं असतानाच व्हावा. घाटांतून हौसेनं पळणाऱ्यांची संख्या वाढते आहे; त्यांच्या स्पर्धांच्या वर्गणीतले थोडे रुपये अशा कुंपणांसाठी काढले तर कुणी गरीब होणार नाही.

माझ्यापुरता मी एक नियम केला आहे. अभयारण्याच्या दारात पळणं थांबवायचं. एकदा आत पळत असताना वळणावर चितळांचा कळप माझ्या पावलांनी उधळला. एक पाडस मागं राहिलं आणि वेड्यासारखं इकडंतिकडं धावू लागलं. मी हौसेनं पळत होतो, ते जिवाच्या भीतीनं. तेव्हापासून तिकीट काढतो, आखलेल्या रस्त्यानं हळू चालतो आणि वरून कृष्णाकाठ पाहून परततो. मॅरेथॉनच्या सरावाला बाहेरचा रस्ता पुरेसा आहे.

तो शेतकरी आता ओळखीचा झाला आहे. परवा त्यानं बांधावर बसवून चहा पाजला. घड्याळ चालूच होतं, वेळेचा पार बोजवारा उडाला. तुम्हीही कधी त्या रस्त्यानं गेलात आणि पहाटे बॅटरी घेऊन घरी परतणारा कुणी दिसला, तर मिनिटभर थांबून रात्र कशी गेली एवढं तरी विचारा.