शेपटीवरचं ओझं

गेल्या पावसाळ्यात पोलादपूरहून आंबेनळी घाट चढताना आमच्यातला एक जण प्रत्येक वळणावर बाहेर फेकला जात होता. गडी नवखा नव्हे. "हँडल हातात हलकं लागतंय," एवढंच म्हणत होता. टपरीवर थांबून कॅरिअरवरची सॅक सोडली, तर ती एका हाताने उचलेना. दोन जीन्स, जादा बूट, पान्यांची पिशवी, साखळी-कुलूप आणि चार लिटर पाणी. सगळं मागच्या एक्सलच्याही मागे, वर बंजीने आवळलेलं.

यावर नेहमीचा युक्तिवाद ठरलेला: क्लासिक 350 मुळातच 195 किलोची, त्यात वीस किलोंनी काय होतंय? होतं. ते 195 किलो बहुतांशी खाली आणि दोन चाकांच्या मधे आहेत. मागे बसणारा माणूससुद्धा एक्सलच्या पुढे, फार तर त्याच्यावर बसतो. शेपटीवरची सॅक मात्र एक्सलला टेकू करून पुढचं चाक उचलू पाहते, चढावर तर जास्तच. शॉकअप दबतात, पुढचा फोर्क कलतो, हँडल उशिरा ऐकतं. सरळ रस्त्यावर वेग वाढला की गाडी डुलू लागते. आणि रात्री आपला हेडलाइट समोरच्याच्या डोळ्यांत जातो, हे तर आपल्याला कळतही नाही.

त्या दिवशी पाणी आणि पाने टँकबॅगेत घातले, जीन्स-बूट दोघांनी वाटून घेतले, शॉकअपचा प्रीलोड दोन खाचा वाढवला. पुढच्याच वळणाला गडी आपल्या लेनमध्ये होता. प्रीलोड आधी का नाही वाढवला, असं कुणी विचारेल. त्याने दबलेली गाडी उचलली जाते. चुकीच्या जागचं वजन तिथंच राहतं. मागच्या टायरची हवाही भरल्या गाडीसाठी पुस्तिकेत दिलेल्या आकड्यावर हवी, आणि ती टायर थंड असताना बघायची. टॉपबॉक्सची वजनमर्यादा तर वाचूनच घ्या. अनेकदा ती दहा किलोंच्या आतच असते.

जीन्सबद्दल एकच: कोकणातल्या पावसात भिजलेली जीन्स मुक्काम संपेपर्यंत वाळत नाही. ती घरीच बरी.

राइड लीडर मंडळी हेल्मेट तपासतात, कागदपत्रं तपासतात, सॅक कुणी उचलून बघत नाही. स्प्रिंगचा ताणकाटा दोन-तीनशे रुपयांत मिळतो. पुढच्या राइडला निघण्याआधी तो एका हँडलला अडकवा आणि प्रत्येकाची बॅग त्याला लावा, स्वतःची सगळ्यात आधी.